सशाचा डावा डोळा

मला ससे आवडत नव्हते. प्राणी म्हटला की हाक मारल्यावर त्याने निदान मान तरी वळवावी, एवढी माझी माफक अपेक्षा. ससा हाकेला ओ देत नाही, ओरडत नाही, दुखलंखुपलं तरी सांगत नाही. कोपऱ्यात बसून नाक तेवढं हलवत राहतो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधला ससा तर पक्का तसाच होता. पांढरा, पाठीवर एक राखाडी पट्टा, आणि माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करणारा. तो दहा दिवस माझ्या घरी राहिला. त्या दहा दिवसांत मी काय केलं ते कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली.

समोर राहतात ते घड्याळं दुरुस्त करतात. कॅम्पातल्या एका गल्लीत त्यांचं लहानसं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. येरवड्याच्या आमच्या इमारतीत ते आणि आम्ही एकाच वर्षी राहायला आलो. मी त्यांना भाई म्हणते आणि त्यांच्या बायकोला भाभी. आमची वैशाख पौर्णिमेची खीर आणि त्यांचा ईदचा शीरखुर्मा एकाच स्टीलच्या डब्यातून ये-जा करतो. तो डबा मुळात कोणाचा, हे आता दोन्ही घरांत कोणालाच आठवत नाही. गावाला जाताना ते किल्ली आमच्याकडे ठेवतात, आम्ही त्यांच्याकडे. ससा त्यांच्या मुलीचा. ती लग्न होऊन सोलापूरला गेली तेव्हा तो मागे राहिला, कारण तिच्या सासरी मांजर आहे.

मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून भाई आणि भाभीच तिकडे निघाले. भाभींनी पिंजरा, वाळलेल्या गवताची पेंढी आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या माझ्या बाल्कनीत आणून ठेवल्या. "ताई, तो सगळं खातो," त्या म्हणाल्या. "फक्त खायचा थांबला तर लगेच मला फोन करा. बाकी काही नाही."

मी म्हटलं, "अहो, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. निवांत जा."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, एका कामासाठी काढलेलं दुसऱ्याला वापरायचं नाही, हे मी पोरापोरींच्या डोक्यात एकतीस वर्षं ओरडून भरलं. माझ्या मागे मला काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर ओरडायला कोणी उरलं नाही, तेव्हा आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तीन प्रकारचे थेंब, त्यातले एक दर आठवड्याला कमी करत न्यायचे. मी फ्रिजच्या दारावर तक्ता लावला, घड्याळाचा गजर लावला आणि सहा आठवडे एक थेंब चुकू दिला नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "असा पेशंट सांभाळणारं माणूस मी पाहिलं नाही." ते वाक्य मी नंतर निदान वीस जणांना ऐकवलं असेल. ऑपरेशननंतरच्या थेंबांची शेवटची बाटली अर्धी उरली. औषध टाकून द्यायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून ती फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, माझ्या अक्षरातलं लेबल मिरवत उभी होती.

चौथ्या दिवशी सकाळी सशाच्या डाव्या डोळ्याखालची लव ओली दिसली. सर्दी असेल म्हणून मी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसून घेतलं. दुपारी पुन्हा ओली. संध्याकाळी डोळा अर्धा मिटलेला आणि आत लाल. उजवा मात्र टपोरा, स्वच्छ.

"डॉक्टरांना दाखवू या का?" हे म्हणाले.

"डोळ्याचं मला शिकवू नका," मी म्हटलं. "तुमचा डोळा कोणी सांभाळला?"

त्यावर ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं. आमच्या घरात याचा अर्थ वाद संपला असा होतो, पटला असा होत नाही.

भाभींना फोन करावा असं मनात आलं. पण त्याच दिवशी मुलीला दवाखान्यात दाखल केलं होतं. अशा वेळी सशाच्या डोळ्याचं काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे की मला सगळं येतं याची मला खात्री होती. मी फ्रिज उघडला, ती बाटली काढली, सशाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि खालची पापणी ओढून एक थेंब घातला. सराईतपणे. एक थेंब बाहेर सांडला नाही.

दिवसातून चार वेळा, असं मीच ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाली उतरली. डोळा जरा उघडला. मी ह्यांना मुद्दाम बाल्कनीत बोलावून दाखवला. हे म्हणाले, "छान." मला त्या 'छान'चा राग आला, पण जिंकलेल्या माणसाने फार बोलू नये म्हणून मी गप्प बसले. त्या रात्री मी छान झोपले हे मला आज सर्वांत जास्त बोचतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी पिंजऱ्याचं दार उघडलं. डाव्या डोळ्यावर निळसर पांढरं सावट आलं होतं, आरशावर वाफ धरावी तसं. मधोमध एक ठिपका जास्त गढूळ. ससा कोपऱ्यात पाठ वाकवून बसला होता. समोर टाकलेली कोथिंबीर तशीच होती. मी तिची एक काडी त्याच्या तोंडापाशी नेली. त्याने तोंड फिरवलं.

तेवढ्यात फोन वाजला. भाभींचा व्हिडिओ कॉल होता.

मुलगी झाली होती. पडद्यावर आधी दुपट्यात गुंडाळलेला लाल चेहरा आला, मग पलंगावर उशीला टेकलेली तिची आई. तिचा चेहरा सुजलेला होता आणि ती हसत होती. भाई मागून म्हणत होते, "ताई, मिठाई ड्यू आहे." मी अभिनंदन केलं, डोळे कोणावर गेलेत ते विचारलं, आणि भाभी म्हणाल्या, "ही केव्हापासून मागे लागलीय. ससा दाखवा ना जरा."

सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. एका वेळी एकच दाखवता येतो. मी त्याला उचललं, छातीशी धरलं आणि उजवी बाजू फोनकडे केली. टपोरा, काळा, स्वच्छ डोळा. "माशाल्लाह, कसा बघतोय," भाभींची मुलगी म्हणाली. "आंटी, खातो ना नीट?"

"हो तर," मी म्हटलं. "अगदी मजेत आहे."

त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली इतक्या जोरात उडत होतं की फोनमधून ऐकू जाईल असं मला वाटलं. कॉल बंद केल्यावर मी वळले तर हे दारात उभे होते.

पिंजऱ्याच्या तळाशी पाहिलं. रोज मूठभर लेंड्या गोळा व्हायच्या, आज मोजून चार, त्याही बारक्या. जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथले डॉक्टर म्हणाले, आम्ही फक्त कुत्री-मांजरी पाहतो. मी फोन ठेवणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "खातोय का?"

"सकाळपासून नाही."

"मग थांबू नका हो. सशाचं पोट थांबलं की पाहता पाहता जीव जातो." त्यांनी औंधातल्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला.

कपड्यांच्या बास्केटमध्ये टॉवेल घालून, वर ओढणी बांधून आम्ही रिक्षात बसलो. निघताना मी फ्रिजमधली बाटली पर्समध्ये टाकली होती. दाखवायची म्हणूनच टाकली होती, हे मी शपथेवर सांगते.

डॉक्टर तरुण होती. परीक्षानळी फोडल्याबद्दल माझा ओरडा खाल्लेल्या मुलींच्या वयाची, तशीच वेणी, तसाच पांढरा कोट. तिने सशाचं तोंड उघडून आधी दाढा पाहिल्या. "यांच्या दाढांची मुळं डोळ्याच्या अगदी जवळ असतात," ती म्हणाली. "कधी कधी दुखणं दाताचं असतं आणि पाणी डोळ्यातून येतं. याचे दात ठीक आहेत." मग तिने केशरी टोकाची एक कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावली, खोलीतला दिवा घालवला आणि निळा उजेड धरला. बुबुळाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका चमकला.

"जखम आहे. गवताची काडी टोचली असणार," ती म्हणाली. "किती दिवस झाले?"

"दोन. म्हणजे आज तिसरा."

"एवढ्यात इतकी खोल सहसा जात नाही." तिने दिवा लावला. "घरातलं काही घातलंत का डोळ्यात?"

पर्स माझ्या मांडीवर होती. चेन उघडायची आणि बाटली टेबलावर ठेवायची, एवढंच काम होतं. मी तिच्या वेणीकडे पाहिलं. "नाही," मी म्हटलं.

"नक्की? गुलाबपाणी, मध, कुठले थेंब?"

"उकळलेल्या पाण्याने पुसलं फक्त."

हे भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचायला लागले. मन लावून वाचत होते.

डॉक्टरने सशाला वेदना कमी करायचं आणि पोट चालू करायचं इंजेक्शन दिलं, डोळ्याचे थेंब लिहून दिले, पाण्यात कालवून सिरिंजने भरवायची गवताची पूड दिली. "दिवसातून चार वेळा थेंब. तीन दिवसांनी आणा," ती म्हणाली.

परतीच्या रिक्षात बास्केट आमच्या दोघांच्या मधे होती. नदीचा पूल आला तेव्हा हे बाहेर बघत म्हणाले, "पर्समधली बाटली गरम होईल ना? फ्रिजमध्ये ठेवावी लागते म्हणत होतीस."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. ह्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. चढवला असता तर मी भांडले असते. त्या एका वाक्यावर भांडता येईना. मला रडू आलं, स्वतःचा संताप आला, आणि रिक्षावाल्याला मी इतक्या जोरात "वळवा" म्हणाले की तो बिचारा घाबरला.

दवाखान्यात पुढचा पेशंट आत होता. मी दार ढकलून गेले आणि बाटली टेबलावर ठेवली. "हे घातलंय. चार वेळा रोज. मघाशी मी खोटं बोलले."

डॉक्टरने बाटली उचलून वाचली. आधी माझं लेबल, मग खालचं छापील. तिचा चेहरा बदलला. "काकू, यात स्टेरॉइड आहे. त्याने लाली उतरते म्हणून बरं वाटतं. पण जखम भरत नाही, आत आत पसरत जाते."

"मला माहीत नव्हतं."

"बाटलीवर लिहिलंय," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, नुसतं म्हणाली. तिला काय माहीत की हे वाक्य माझं होतं. एकतीस वर्षं माझं होतं.

तिने आधीचा कागद फाडला आणि नवा लिहिला. वेगळे थेंब, दर दोन तासांनी. उद्या सकाळी परत. डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. "तुम्ही परत आलात ते बरं झालं. पण स्पष्ट सांगते, डोळा फुटू शकतो. फुटला तर काढावा लागेल. आणि तो खायला लागला नाही, तर डोळ्याचा प्रश्नच उरणार नाही."

घरी आल्यावर फ्रिजच्या दारावर पुन्हा तक्ता लागला. या खेपेला मी कोणाला दाखवला नाही. दर दोन तासांनी हे धरायचे आणि मी थेंब घालायची, मनगट ह्यांच्या गुडघ्यावर टेकवून. सिरिंजने भरवलेलं अर्धं माझ्या अंगावर यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंजऱ्यात सात लेंड्या दिसल्या आणि मी बाल्कनीतून ओरडले, "अहो, सात!" खालून जाणाऱ्या बाईने वर पाहिलं. संध्याकाळी त्याने कोथिंबिरीचं एक पान स्वतःहून खाल्लं. ते पान चावून होईपर्यंत मी श्वास धरून बसले होते.

भाभींना मी फोन केला. सांगितलं, डोळ्याला काडी लागलीय, डॉक्टरांकडे नेलं, औषध चालू आहे. बाटलीचं सांगितलं नाही. फोनवर कशाला, आल्यावर सांगू, असं ठरवलं. माझ्या मनाला अशा पळवाटा चटकन सापडतात, हे मला त्या आठवड्यात कळलं.

दहाव्या दिवशी ते आले. बॅगा दारातच ठेवून दोघं सरळ आमच्याकडे आले. ससा भाभींच्या मांडीवर. भाईंनी कॉलर सैल केली, खिशातून डोळ्यात बसवायचं ते काळं भिंग काढलं, जे लावून ते घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा बघतात, आणि सशाच्या डोळ्यावर वाकले. खूप वेळ वाकून राहिले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, कोणी उठलं नाही. ज्या माणसाला डायलखालचा धुळीचा कण दिसतो, त्याला इथे काय काय दिसत असेल?

ते ताठ झाले. "काडी लागली," ते म्हणाले. "होतं असं. जनावर आहे. तुम्ही केवढी धावपळ केलीत, ताई."

सुटायचं दार त्यांनीच उघडून दिलं होतं. मला फक्त बाहेर पडायचं होतं. ह्यांनी या वेळी वर्तमानपत्र उघडलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काडीचं थोडंच होतं, भाई," मी म्हटलं. "बाकीचं मी केलं." आणि मग सगळं सांगितलं. बाटली, स्टेरॉइड, डॉक्टरशी बोललेलं खोटं, व्हिडिओवर दाखवलेला उजवा डोळा. तो उजवा डोळा सांगताना भाभींनी मान वर केली. तोवर त्या सशाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तो हात थांबला.

भाईंनी भिंग शर्टाच्या टोकाला पुसलं. "दुकानात घड्याळ बिघडलेलं येतं त्याचं काही नसतं," ते हळू म्हणाले. "घरी उघडून बघितलेलं आलं की त्रास होतो." थोडं थांबून म्हणाले, "फोन होता, ताई. विचारायचं होतं."

भाभी ससा उचलून उठल्या. दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, "खातो ना आता?"

"खातो," मी म्हटलं.

डोळा फुटला नाही. तीन आठवडे औषध चाललं. मी रोज समोर जायची, ससा धरायची. थेंब भाभी घालायच्या. बुबुळावर एक पांढरा डाग कायमचा राहिला. डॉक्टर म्हणाली, त्या बाजूने त्याला सावली दिसेल, फार तर. डावीकडून कोणी गेलं की तो दचकतो, म्हणून आता मी उजवीकडूनच जाते. रोज दोन्ही डोळे पाहते. पाणी, लाली, मिटलेली पापणी, सावट. मला ससे आवडायला लागलेत का, सांगता येत नाही. हा आवडतो. डब्याची ये-जा चालूच राहिली. भाभींनी कधी एक वाकडा शब्द काढला नाही, आणि हळूहळू मला वाटायला लागलं की झालं गेलं गंगेला मिळालं.

दोन महिन्यांनी मुलीच्या नणंदेचं लग्न निघालं. चार दिवसांसाठी सोलापूर. सकाळी बेल वाजली म्हणून मी दार उघडलं. भाभी नवी साडी नेसून उभ्या होत्या. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, नेहमीसारखी. मी बाल्कनीत आदल्या दिवशीच जागा करून ठेवली होती, कोथिंबीरही निवडून ठेवली होती. मी म्हटलं, "आणा ना, पिंजरा आणा."

तेवढ्यात भाई बॅग घेऊन बाहेर आले. त्यांच्या दुसऱ्या हातात जाळीची नवी टोपली होती. आत ससा बसला होता, उजवा डोळा माझ्याकडे.

"अहो, पण तिथे मांजर आहे ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आहे," भाभी म्हणाल्या. "दार बंद करून ठेवू." आणि माझ्या हातावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाल्या, "तुम्हाला कशाला त्रास, ताई."